४२ मुलं, मोठं सभागृह आणि ‘आवाज पोहोचेल का?’

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भांडुपची मराठी माध्यमाची शाळा, पाचवी ते आठवीची ४२ मुलं, शाळांच्या एका कार्यक्रमात एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) टाटा थिएटरमध्ये एक अभंग आणि एक समरगीत गायचंय, आणि हातात पाच आठवडे आहेत. मुलांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल का, माइक मागावेत का, मुख्याध्यापिका म्हणतात तशी आणखी ४० मुलं घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय आवाज फुटत असलेले पाच मुलगे आणि सूर न लागणाऱ्या दोन मुली यांना ‘नुसते ओठ हलवा’ असं सांगावं का, हेही विचारलंय. तो शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. त्यावर सविस्तर लिहिते.

मी गिरगावातल्या एका शाळेत २८ वर्षं गाणं शिकवलं आणि मुंबईतल्या लहानमोठ्या बऱ्याच रंगमंचांवर मुलं घेऊन गेले. त्या अनुभवावरून सांगते की आवाज पोहोचण्याची काळजी तुम्ही करू नका. तिथे गेल्यावर मुलांना स्वतःचा आणि शेजारच्याचा आवाज नेहमीसारखा ऐकू येणार नाही, आणि ती घाबरून ओरडतील. पाच आठवड्यांचं काम खरं तर यावर करायचंय.

हे मला ठेच लागूनच कळलं. पहिल्यांदा ६० मुलं घेऊन एका मोठ्या नाट्यगृहात गेले, तेव्हा आधीचे तीन आठवडे मी रोज मुलांना बजावत होते, “शेवटच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू गेलं पाहिजे हं!” मुलांनी माझं शब्दशः ऐकलं. पहिल्या कडव्यातच घसे ताणले, दुसऱ्या कडव्यात तार षड्ज, म्हणजे वरचा सा, चिरकला, पेटी एकीकडे आणि मुलं दुसरीकडे. उतरल्यावर एक मुलगी मला म्हणाली, “बाई, मला माझा आवाजच येत नव्हता, म्हणून मी अजून जोरात गायले.” त्या मुलीची काहीच चूक नव्हती. मी तिला चुकीची गोष्ट शिकवली होती.

असं का होतं ते समजून घेतलंत तर पुढचं सगळं आपोआप सुचेल. आपल्या शाळांचे वर्ग कसे असतात? उघड्या भिंती, खाली कोटा लादी, वर काँक्रीटचा स्लॅब. आवाज भिंतीवर आपटून लगेच कानाशी परत येतो. गाणाऱ्याला वाटतं, आपला आवाज केवढा मोठा आहे! मोठ्या सभागृहात तोच आवाज दूर जातो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या भिंतीला लागून परत यायला त्याला एक दशांश सेकंद लागतो. वर्गातला परतीचा आवाज तोंडातल्या आवाजात मिसळून जातो, तर इथला उशिरा आणि विरळ होऊन येतो. मुलाला वाटतं, आवाज गिळला गेला. आणि स्वतःला ऐकू येईनासं झालं की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११मध्ये ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. चर्चगेटच्या फलाटावर आपण फोनवर ओरडतो, ते याच कारणाने. समूहात हे साखळीसारखं पसरतं. एक चढला की शेजारचा चढतो, दहा सेकंदांत अख्खी रांग ओरडत असते, आणि ओरडणाऱ्या गळ्याला सूर धरता येत नाही.

आता मुख्याध्यापिकाबाईंची सूचना. आणखी ४० मुलं घेतली तर आवाज दुप्पट मोठा होईल असं कुणालाही वाटेल, पण गाणारे दुप्पट केले की आवाजाची पातळी फक्त तीन डेसिबलने (डेसिबल हे आवाज मोजायचं एकक) वाढते, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकी. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे गाणारे दहापट हवेत. उलट ८२ मुलांना एकाच क्षणी एक अक्षर उच्चारायला लावणं हे ४२ मुलांपेक्षा कितीतरी कठीण. पाच आठवड्यांत ते होणार नाही. बाईंना हाच हिशेब नम्रपणे सांगा. जास्त मुलांना संधी मिळावी हा त्यांचा हेतू चांगलाच आहे. त्या ४० मुलांना शाळेच्या स्नेहसंमेलनात याच ४२ जणांबरोबर गाऊ द्या, तिथे भरपूर वेळ मिळेल.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही लावून बघा. ४२पैकी सात मुलं गप्प बसवली तर आवाज किती कमी होईल? एका डेसिबलपेक्षाही कमी. कुणाच्या लक्षातही येणार नाही. मग त्या सात मुलांना ओठ हलवायला सांगून तुम्ही नक्की काय वाचवणार? सूर बिघडेल ही तुमची भीती मला कळते. पण ‘नुसते ओठ हलव’ हे वाक्य मूल आयुष्यभर विसरत नाही, सर. आज पन्नाशीला आलेल्या बायका मला सांगतात की सहावीत बाईंनी ओठ हलवायला सांगितलं होतं, त्यानंतर देवघरातली आरतीसुद्धा मोठ्याने म्हटली नाही. प्रेक्षकांत त्या मुलांचे आईवडील बसलेले असतील. आपलं मूल गातंय असं त्यांना वाटत राहील, आणि मुलाला मात्र माहीत असेल की आपण गात नाही. हे ओझं दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर कृपा करून देऊ नका.

त्या दोन मुलींना सूर लागत नाही, की त्यांना सूर ऐकू येत नाही, हे आधी तपासा. एकेकीला मधल्या सुट्टीत बोलवा. पेटी बाजूला ठेवा. तिला तिच्या सोयीचा कुठलाही एक सूर लावू द्या आणि तुम्ही तुमचा सूर तिच्या सुराला जुळवा. दोन सूर जुळले की काय वाटतं, हे कित्येक मुलांना कधी अनुभवायलाच मिळालेलं नसतं. ते एकदा जाणवलं की तिला अर्धा सूर वर, अर्धा सूर खाली असं हळूहळू न्या. रोज पाच मिनिटं पुरतात. उभं राहताना तिला पक्क्या सुराच्या दोन मुलांच्या मध्ये ठेवा. अगदी मागच्या रांगेच्या टोकाला ठेवू नका, कारण तिथे एका कानाला काहीच आधार नसतो. सगळ्याच मुलांना पाच आठवड्यांत जमेल असं मी म्हणणार नाही. ज्यांना जमत नव्हतं त्यांना मी हळू आवाजात गायला सांगत असे. पण गायचं, हे नक्की.

आवाज फुटलेल्या मुलांचं वेगळं. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापासून स्वरतंतू लांब आणि जाड होऊ लागतात, आवाज खाली उतरतो, आणि मधल्या काळात हुकमी असे चार-पाचच सूर हाताशी राहतात. वरच्या पट्टीत त्यांनी गायलं तर आवाज चिरकणारच, त्यात बेसूरपणाचा प्रश्न नाही. मग त्यांना जमणारे सूरच द्या. अभंगाचा सा काळी चारवर, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, ठेवलात तर हे पाच मुलगे मधला सा आरामात धरू शकतील, एखाद-दुसऱ्याला खालचा पंचमही लागेल. अभंगभर त्यांनी आकारात किंवा विठ्ठलनामात तो सा धरून ठेवायचा, पाळीपाळीने श्वास घ्यायचा, आणि बाकी मुलांनी त्यावर चाल गायची. इंग्रजी माध्यमाच्या शाळांसारखे दोन आवाज आपणही ठेवावेत का, असं तुम्ही पुढे विचारलंय. पाच आठवड्यांत नव्याने हार्मनी बसवायच्या फंदात पडू नका, पण हा धरलेला षड्ज म्हणजे दुसरा आवाजच आहे, आणि तो आपल्या कानांना परका वाटत नाही. ज्या पाच मुलांना तुम्ही गप्प बसवणार होतात, त्यांच्यामुळेच अभंगाला पाया मिळेल.

पट्टीवरून आठवलं. समरगीत तुम्ही काळी एकमध्ये बसवलंय आणि अंतरा तार मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या म पर्यंत, जातो असं लिहिलंय. ही तुमची पट्टी आहे, मुलांची नाही. पुरुष शिक्षकांकडून हे नेहमी होतं. तुम्ही तुमच्या सप्तकात गाता, मुलं त्याच्या वरच्या सप्तकात गातात, आणि त्यांचा तार मध्यम आभाळाला टेकतो. वर्गात मुलं तो सूर ओरडून गाठतात आणि आपल्याला वाटतं, वा, काय जोश आहे! मोठ्या सभागृहात तो ओरडा झाकला जात नाही. सा काळी चार किंवा तिच्या लगतची पांढरी सहा, यांपैकी एकीवर आणा. नक्की कुठे ते तुमच्या मुलांवर ठरेल. खालचा सा गाताना शब्द स्पष्ट आले पाहिजेत आणि तार मध्यमाला मान वर जाता कामा नये. पाचवीच्या मुलांची मान पाहून पट्टी ठरवा. गळ्याआधी मान सांगते.

आणि तालीम तानपुऱ्यावर करा, मोबाइलवरचा चालेल. पेटी मुखडा शिकवायला आणि साथीला ठीक, पण रोज पेटीला लटकून गाणारी मुलं पेटी दबली की गडबडतात. शिवाय पेटीचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातल्या स्वाभाविक गंधारापेक्षा थोडा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण १४ भाग. वर्गातल्या गोंगाटात हे कळत नाही. शांत, मोठ्या सभागृहात ४२ मुलं लांब गंधार धरतात तेव्हा पेटी आणि गळे यांच्यातलं ते अंतर थरथरल्यासारखं ऐकू येतं. अशा ठिकाणी पेटीवाल्यांना गंधार सोडून नुसता सा-प धरायला सांगा.

आता माइक. हे सभागृहावर अवलंबून आहे, म्हणून एकच उत्तर सगळ्यांना लागू करू नका. टाटा थिएटर १९८०मध्ये उघडलं. फिलिप जॉन्सन त्याचे वास्तुरचनाकार आणि सिरिल हॅरिस ध्वनितज्ज्ञ. खुर्च्या १,०१० आहेत, पण त्या रंगमंचाभोवती पंख्यासारख्या पसरलेल्या, त्यामुळे प्रेक्षक फार लांब जात नाहीत. विनामाइक गाणं-वाजवणं ऐकू यावं अशा हिशेबानेच ते बांधलंय. तिथे मुलांसाठी माइक न मागता आधी नुसतं गाऊन बघा. आयोजकांनी माइक लावायचेच ठरवले असतील तर दोन किंवा तीन, रांगेच्या पुढे आणि डोक्यांच्या जरा वर, आणि दोन माइकमधलं अंतर माइक ते मुलं या अंतराच्या निदान तिप्पट. पहिल्या रांगेतल्या दोघांच्या हातात माइक देऊ नका, त्या दोघांचंच गाणं होईल. पुढच्या वर्षी षण्मुखानंदला जायची वेळ आली, जिथे पावणेतीन हजारांच्या आसपास माणसं बसतात, किंवा विंगा आणि मखमली झालरींच्या नेहमीच्या नाट्यगृहात गायचं झालं, तर मात्र माइक लागतील. कापड आवाज पितं. तिथे मुलांना मागच्या पडद्याला चिकटवून उभं न करता जितकं पुढे आणता येईल तितकं आणा.

माइकपेक्षा तबल्याकडे लक्ष द्या. दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) ढिली पडते आणि वातानुकूलित हॉलच्या कोरड्या हवेत चढते. बसमधून उतरवल्याबरोबर लावलेला तबला रंगमंचावर जाईपर्यंत बदललेला असतो. तास-दीड तास आधी तबला आत ठेवायला सांगा, मग लावा. अभंगाला प्रत्येकाच्या हातात टाळ दिसायला छान, पण ४० टाळांखाली सगळे शब्द बुडतील. दोन जोड्या पुरे.

उभं राहायची रचना अर्धगोलात तीन रांगा, पेटी-तबला मधोमध पुढे, खाली बसून. तबला एका टोकाला ठेवलात तर आठ मीटरवरच्या दुसऱ्या टोकाला ठेका क्षणभर उशिरा पोहोचतो. तेवढा उशीर थोडाच असतो, पण ते मूल ठेका ऐकून मागोमाग गातं आणि त्याच्या शेजारचा त्याला ऐकून, असा उशीर वाढत जातो. म्हणून लय कानाने न धरता तुमच्या हातावर धरायची, आणि कान सुरासाठी मोकळे ठेवायचे. हे मुलांना आजपासून सांगा. तुम्ही पेटीवर बसत असाल तर पेटीला दुसरं कुणीतरी शोधा. या दिवशी तुमचे दोन्ही हात मुलांना हवेत.

इथपर्यंतचं थोडक्यात: मुलं ४२च ठेवा, पट्टी खाली आणा, तालीम तानपुऱ्यावर, पाच मुलग्यांना षड्ज, आणि कुणालाही गप्प बसवायचं नाही.

आता पाच आठवड्यांची तालीम. माझी पद्धत अशी होती की आठवड्यातून एकदा मुलांना गच्चीवर नेत असे आणि एकदा जिन्यात. गच्चीवर आवाज परत येतच नाही. पहिल्या दिवशी मुलं हमखास ओरडतात. ओरडू द्या, मग विचारा, “शेजारचीचा श्वास ऐकू आला का?” नाही म्हणाली की पुन्हा गायचं, श्वास ऐकू येईल इतक्या हळू. चार-पाच तालमींत मुलांना आपला आवाज कानाने न ऐकता छातीतल्या आणि चेहऱ्यातल्या कंपनावरून ओळखता येऊ लागतो. हे एकदा जमलं की मोठं सभागृह त्यांना घाबरवू शकत नाही. जिन्यात उलट होतं, आवाज रेंगाळतो. तिथे एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर चढतं. त्यामुळे समरगीताची लय जराशी कमी करावी लागते आणि व्यंजनं नेमकी फेकावी लागतात. ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ ४२ तोंडांतून एकाच क्षणी आला तर शेवटच्या रांगेतही स्पष्ट कळतो, मागेपुढे आला तर नुसता खडखडाट ऐकू येतो. ‘स’ आणि ‘श’ मात्र हलके, नाहीतर फुसफुस होते. लांब सूर धरताना सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारच्याने घेतला की आपण थांबायचं आणि नंतर घ्यायचा. हे न बोलता जमायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून लवकर सुरू करा.

कार्यक्रमाच्या दिवसाबद्दल दोनच गोष्टी सांगते. पहिली खाण्याची. एकदा विंगेत पाऊण तास ताटकळल्यावर माझी सातवीतली एक मुलगी तिसऱ्या रांगेतून खाली कोसळली. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि ती गुडघे ताठ करून उभी होती. गुडघे आवळून उभं राहिलं की पायांतलं रक्त नीट वर चढत नाही आणि चक्कर येते. त्या दिवसापासून निघायच्या दोन तास आधी पोळीभाजी आणि केळं, हाताशी साधं पाणी, आणि गाताना गुडघे सैल, हा माझा नियम झाला. दुसरी प्रवासाची. भांडुपहून रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक असू शकतो, लोकलच्या भरवशावर राहू नका, बस करा आणि एक तास जास्त धरा.

रंगमंचावर तुम्हाला तालमीला एकच तास मिळणार आहे. तो पूर्ण वेळ गाण्यात घालवू नका. आधी मुलांना दिव्यांकडे पाहू द्या, समोरचा अंधार बघू द्या. सभागृह रिकामं असेल, त्यामुळे आवाज जास्त घुमेल. संध्याकाळी माणसं भरली की घुमणं कमी होईल, हे मुलांना तेव्हाच सांगून ठेवा. १८९०च्या दशकात वॉलेस सबाइन नावाचे प्राध्यापक हार्वर्डमध्ये रात्री खुर्च्यांच्या गाद्या एका हॉलमधून दुसऱ्यात वाहून नेत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. गाद्या आणि माणसं आवाज किती शोषतात हे त्यातून कळलं. ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगत आले, मुलांना ती फार आवडते, आणि संध्याकाळी आवाज बदलला तरी कुणी दचकत नाही.

मग मुलांचे दोन गट करा. २१ जणांना रंगमंचावर ठेवा आणि २१ जणांना अगदी शेवटच्या रांगेत बसवा. रंगमंचावरच्या गटाला अभंगाची पहिली ओळ शक्य तितकी हळू गायला सांगा. मग गट बदला. माझ्या शेवटच्या तुकडीत हे केलं तेव्हा सहावीतली एक मुलगी मागून धावत पुढे आली आणि मैत्रिणीला म्हणाली, “अगं, तू श्वास घेतलास ना, तोपण आला!” त्यानंतर त्या मुलांना आवाजाबद्दल एक शब्दही सांगावा लागला नाही. याला १५ मिनिटं लागतात. उरलेल्या वेळात दोन्ही गाणी एकेकदा गा, रंगमंचावर येणं आणि उतरणं दोनदा करून घ्या, आणि मुलांना शांत बसवून पाणी द्या.

पट्टी बदलल्यावर पाचवीची मुलं कशी गातायत ते इथेच लिहा. काळी चारलाही मान वर जात असेल तर अंतऱ्याचं काय करायचं ते बघू.